वाया जाणारी धग

1950 नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियातील ज्या खेड्यांत वीज पोचली नव्हती, तेथे रॉकेलच्या दिव्यावर एक धातूचे कडे बसविण्याची सोय निघाली होती. दिवा खोली उजळी आणि त्याची वाया जाणारी धग रेडिओ बोलका करी. त्या कड्यात फिरणारे चाक एकही नसे. उष्णतेतून थेट वीज काढण्याच्या या विद्येचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

1821 साली बर्लिनमध्ये थॉमस झीबेकने दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या जोडून एक सांधा तापविला, तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. उष्णतेने चुंबकत्व उत्पन्न होते, असे त्याला वाटले. वस्तुतः त्या पट्ट्यांतून वीज वाहत होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आल्टेनकिर्ख या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पदार्थाची तीन लक्षणे सांगितली : तपमानातील दर अंशाच्या फरकामागे विजेचा दाब अधिक मिळावा, वीज सुलभ वाहावी आणि उष्णता मात्र अडून राहावी. धातू येथे अपुरे पडतात. ते विजेबरोबर उष्णताही पुढे पोचवितात. लेनिनग्राडच्या इऑफेने अर्धसंवाहकांचा मार्ग दाखविला, आणि 1954 मध्ये बिस्मथ टेल्युराइड पुढे आले. तिन्ही लक्षणे एकत्र मोजणारा त्याचा गुणांक सुमारे 1 आहे. परंतु टेल्युरियम दुर्मिळ, आणि हा पदार्थही ठिसूळ!

अशा वेळी प्लॅस्टिककडे दृष्टी वळली. 1977 मध्ये शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली, तो त्याची विद्युत्‌वाहकता सुमारे 1 कोटी पटींनी वाढली. या शोधाला 2000 साली नोबेल पारितोषिक लाभले. अशी बहुवारिके उष्णता फारशी वाहू देत नाहीत, ती लवचीक असतात आणि त्यांतील काही शाईसारखी पसरताही येतात.

तथापि एक पेच उरलाच. आयोडीनसारखे द्रव्य मिसळावे तसे विजेचे वाहक वाढतात. पण वाहक वाढले की दाब घटतो. हमाल वाढावेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचे ओझे हलके व्हावे, तसेच हे. स्वीडनमधील लिंकोपिंगच्या संशोधकांनी 2011 मध्ये पेडॉट नावाच्या बहुवारिकातील वाहकांची संख्या बेताने कमी केली आणि गुणांक 0.25 पर्यंत नेला. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी त्याच बहुवारिकाच्या एका मिश्रणाची पातळ पटले एथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवून आतील निरुपयोगी जादा द्रव्य धुऊन काढले, आणि 0.42 हा आकडा नोंदविला.

बिस्मथ टेल्युराइडची बरोबरी यांतून झाली नाही. शिवाय अशा यंत्राला धनभारवाहक आणि ऋणभारवाहक अशी जोडी लागते, आणि ऋणभारवाहक बहुवारिके हवेत टिकविणे कठीण जाते. तरीही या दोन प्रयोगांचा बोध मोलाचा आहे. 1977 चे यश काहीतरी घातल्याने मिळाले. पुढची प्रगती नेमके किती काढावे, हे उमगल्याने झाली.

कारखान्यांच्या नळांतून आणि मोटारींच्या धुराड्यांतून आजही अपार उष्णता हवेत विरून जाते. तिच्यातील मंद धग, जिच्यावर वाफेची यंत्रे चालविणे परवडत नाही, तीच या लवचीक पटलांची खरी आशा आहे. रॉकेलच्या दिव्याने जे एका खोलीपुरते साधले, ते स्वस्त आणि विपुल द्रव्यांतून साधावे, एवढाच हा खटाटोप. आणि तो पुरा होईपर्यंत ती धग अशीच वाया जात राहणार.