‘धोबी घाट’ ते ‘डोबी गॉट’ : सिंगापूरच्या इंग्रजीतील उच्चारभेद

सिंगापूरच्या मेट्रोने पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या मराठी माणसाचा कान एका स्थानकाच्या नावापाशी हमखास अडखळतो. ऑर्चर्ड रस्त्याच्या पूर्व टोकाला असलेले हे स्थानक १९८७ साली सुरू झाले. उद्घोषणेत त्याचे नाव ‘डोबी गॉट’ असे ऐकू येते. मूळ शब्द अर्थातच ‘धोबी घाट’. एकेकाळी येथील ओढ्यावर भारतातून आलेले धोबी कपडे धूत असत, त्यावरून परिसराला हे नाव पडले.

‘घाट’चा ‘गॉट’ होण्याला इंग्रजी लेखन कारणीभूत आहे. वसाहतकाळातील इंग्रज ‘आ’ हा दीर्घ स्वर दाखवण्यासाठी अनेकदा ए आणि यू ही अक्षरे जोडून लिहीत. बोरघाटाचे नावही जुन्या इंग्रजी कागदपत्रांत असेच लिहिलेले आढळते, आणि ‘नाच’ हा शब्द इंग्रजीत ‘नॉच’ झाला तोही याच वाटेने. लेखनामागचा संकेत विसरला गेला, अक्षरे तेवढी उरली आणि पुढच्या पिढ्यांनी ती इंग्रजी वळणाने वाचली.

‘ध’ आणि ‘घ’ हरवण्याचे कारण मात्र निराळे आहे. इंग्रजी, मंदारिन, मलय आणि तमिळ या सिंगापूरच्या चार राजभाषा. त्यांपैकी एकीतही हे घोष महाप्राण वर्ण नाहीत. ज्या कानाला ‘द’ आणि ‘ध’ यांतला भेद कधी लागलाच नाही, त्याच्या जिभेवर तो येणार कोठून?

मराठी भाषकाची अडचण नेमकी उलट दिशेने येते, आणि कार्यालयीन कामात ती अधिक महाग पडते. ‘पेन’, ‘टेबल’, ‘कोट’ अशा शब्दांच्या आरंभीचे व्यंजन उच्चारताना इंग्रज श्वासाचा झोत सोडतो. मराठी माणूस ते व्यंजन कोरडेच उच्चारतो, कारण त्याच्या भाषेत झोत आला की ‘प’चा ‘फ’ होतो. ‘प’ आणि ‘ब’ वेगळे ओळखण्यासाठी त्याला घोषत्व, म्हणजे कंठातील कंपन, पुरेसे असते. मंदारिनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथे ज्या ध्वनींना रोमन लिपीत पी आणि बी ही अक्षरे दिली आहेत, त्यांत कंपनाचा भेद नसून केवळ श्वासाचा भेद आहे. त्यामुळे मंदारिनला सरावलेल्या श्रोत्याला मराठी ‘पी’ सहज ‘बी’ वाटू शकतो. आडनाव देशपांडे असेल, तर दूरध्वनीवर अक्षरे सांगताना हा घोळ पदरी येण्याची शक्यता मोठी. ‘पी फॉर पुणे’ हा घरचा उपाय येथे फारसा चालत नाही; विमानवाहतुकीतील ‘पापा’ आणि ‘ब्राव्हो’ हे शब्द बरे. सराव करायचाच असेल, तर ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘पी’ म्हणावे. पट्टी हलली की झोत आला.

‘व’ची गोष्टही अशीच. मराठीत ‘व’ एकच असल्याने इंग्रजीतील ‘वाइन’ म्हणजे मद्य की द्राक्षाचा वेल, हे आपल्या उच्चारावरून कळत नाही. मद्याच्या ‘व’साठी ओठांचा चंबू करावा लागतो.

स्वरांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाचे पारडे जड आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे मराठीने इंग्रजी शब्दांसाठी लिपीत सामावून घेतली, त्यामुळे ‘पेन’ आणि ‘पॅन’, ‘बेड’ आणि ‘बॅड’ यांची गल्लत आपल्याकडे सहसा होत नाही. सिंगापूरच्या बोलीत या जोड्या पुष्कळदा एकरूप होतात. ‘थ्री’ हा ‘ट्री’सारखा ऐकू येतो, ‘जस्ट’मधला शेवटचा ‘ट’ गळतो, ‘सॅमन’ माशाच्या नावातील मूक ‘ल’ स्पष्ट उमटतो आणि ‘कॅलेंडर’मध्ये आघात मधल्या ‘लेन’वर पडतो. येथील इंग्रजीची लय प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देते. मराठीची लयही याच जातीची असल्याने ती आपल्या कानाला लवकर रुळते. लंडनहून आलेल्या माणसाला ती अधिक खटकते.

अशा बोलीला शासनाने नेहमीच मोकळीक दिली असे नाही. २००० साली तत्कालीन पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी ‘स्पीक गुड इंग्लिश’ चळवळ सुरू केली. तिचा मुख्य रोख ‘सिंग्लिश’वर, म्हणजे इंग्रजी, मलय आणि चिनी बोलींच्या मिश्रणावर, होता. व्याकरणशुद्ध आणि जगात कोठेही समजेल असे इंग्रजी बोला, हे तिचे सांगणे. ते रास्तच आहे. पण व्याकरण सुधारले म्हणून उच्चाराची सवय बदलत नाही, आणि ती बदलावीच असे म्हणण्यासही सबळ कारण दिसत नाही.

अक्षरांच्या नावांतही गंमत आहे. शेवटच्या अक्षराला भारताप्रमाणे येथेही ‘झेड’च म्हणतात. आपल्या ‘एच’ला मात्र अनेक सिंगापूरकर ‘हेच’ म्हणतात. त्यामुळे देशपांड्यांनी आडनावाची अक्षरे सांगितली की पलीकडची व्यक्ती खातरजमा करते, “डी, ई, एस, हेच?” आणि मराठी माणूस मनापासून उत्तरतो, “हो, हेच.”