दाराकडे पाठ करून

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याचं नाव निघालं की चांदबिबी आठवते, नाहीतर नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. याच किल्ल्यात १९४३ च्या वसंतात एक कैदी रोज दुपारी वर्तमानपत्राची वाट बघायचा. जेलरची पावलं वाजली की छाती धडधडायची. चेहरा दिसू नये म्हणून तो दाराकडे पाठ करून बसायचा. पेपर टेबलावर आला तरी लगेच उचलायचा नाही. त्याची बायको कलकत्त्यात मरणाच्या दारात होती आणि तिच्या तब्येतीची बातमी त्या पेपरात असण्याची शक्यता होती.

तो कैदी म्हणजे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या बारा जणांना नगरला आणलं गेलं.

आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम त्याआधीपासूनच आजारी होत्या. १९४१ मध्ये आझाद नैनीच्या तुरुंगात असताना दुखणं बळावलं, पण त्यांना काळजी नको म्हणून ते लपवलं गेलं. पुढे त्या हवापालटासाठी रांचीला जाऊन आल्या. ३ ऑगस्ट १९४२ ला आझाद मुंबईला निघाले, तेव्हा त्या निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. ती शेवटची भेट.

प्रकृती गंभीर असल्याचं किल्ल्यात कळलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने सुचवलं की सरकारला काही कळवायचं असेल तर मी ताबडतोब पाठवतो. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे सवलत मागायची नाही. नेहरूंनीही त्यांच्याशी बोलून पाहिलं, उत्तर तेच. ९ एप्रिल १९४३ ला तार आली. ३६ वर्षांचा संसार संपला होता.

दोनच दिवसांनी त्यांनी एका मित्राला पत्र लिहिलं. किल्ल्यातून ते जाणार नव्हतंच. नंतर ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात छापलं गेलं. त्यात त्यांनी सरळ कबूल केलंय की वेळेवर जेवायला येणं, शांतपणे पेपर चाळणं हे सगळं सोंग होतं. शरीराने मात्र सोंग घेतलं नाही. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेलं वजन नगरहून हलवेपर्यंत १३० वर आलं.

त्यांना समजावणाऱ्या नेहरूंना हा पेच नवा नव्हता. १९३४ मध्ये कमला नेहरू क्षयाने आजारी असताना नेहरूंना सुचवण्यात आलं होतं, की राजकारणापासून दूर राहण्याची हमी दिली तर सुटका होईल. कमलांनीच त्यांच्या कानात सांगितलं, हमी देऊ नका. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकृती फारच ढासळल्यावर सरकारने त्यांना सोडलं. २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानमध्ये कमला गेल्या, तेव्हा नेहरू जवळ होते. आठ वर्षांनी, नगरच्या त्याच किल्ल्यात भारताचा शोध लिहायला घेतल्यावर, सुरुवातीच्याच एका प्रकरणात त्यांनी कमलांचं आजारपण लिहिलं.

आझाद चुकले का? मला न्याय करता येत नाही. पण जुलेखा बेगमना काय हवं होतं, हे त्यांच्या तोंडून आपल्याकडे आलेलं नाही, हे खटकत राहतं. कमलांनी निदान स्वतः सांगितलं.

आज कॅन्सर शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या कुठल्याही घरात यातलं बरंच काही दिसतं. पोटात पाणी होतं, धाप लागते, रात्री माणूस असंबद्ध बोलू लागतो. जोडीदार मॉर्फिनच्या वेळा सांभाळतो, ओठ ओले करतो आणि बाहेर येऊन सगळ्यांना ‘ठीक आहे’ म्हणतो. कुणी पेशंटपासून निदान लपवतं, तर पेशंट जोडीदारापासून वेदना लपवतो. काहींना पगारासाठी नगरलाच थांबावं लागतं आणि माणूस पुण्या-मुंबईच्या वॉर्डात असतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर पेशंटची चौकशी झाल्यावर त्याचीही करा. तो जेवला का, एवढं विचारलं तरी चालेल.

१९४५ मध्ये सुटका होऊन आझाद कलकत्त्याला परतले. हावडा स्टेशनवर तुफान गर्दी होती, मोटार हारांनी भरून गेली. घरी जाण्याआधी त्यांनी ती कब्रस्तानाकडे वळवायला सांगितली. त्या हारांतला एक उचलून कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढला.