मांड

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाचा लेख नाही, असे वर्ष सहसा जात नाही. लढाया, सनदा, इनामे यांची त्यांत यथास्थित नोंद असते, आणि ती असावी हे योग्यच होय. परंतु ज्या एका कसबावर तो पराक्रम अक्षरशः आरूढ झालेला होता, त्याविषयी आपण काहीच लिहून ठेवले नाही. स्वार घोड्यावर बसत कसा असे? कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या लष्कराची रचना सांगितली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमलेला, त्यांच्यासाठी नालबंद आणि पखालजी वेगळे, हे सारे त्याने टिपले. बसण्याची रीत मात्र टिपली नाही. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहून ठेवणार?

बखरींनी जे गाळले ते भाषेने जतन केले आहे. घोड्यावर घट्ट बसण्याला आपल्याकडे ‘मांड’ असा स्वतंत्र शब्द आहे. मांड ठोकणे, मांड पक्की असणे हे प्रयोग आजही चालतात, यद्यपि बोलणाऱ्याने घोडा पाहिला असेल तो बहुधा वरातीतच. खोगिरात कोंबावयाच्या चिंध्या-केसांवरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला, आणि सभासंमेलनांतील काही भाषणांना तो फारच शोभतो. ‘कावा’ या शब्दाचा एक जुना अर्थ घोडा गोल फिरवणे असा आहे. तेव्हा ‘गनिमी कावा’ म्हणताना आपण रिंगणातलीच भाषा बोलत असतो.

मांडीच्या पकडीवरून मांड हा शब्द आला, म्हणून मांड्या आवळून बसणे म्हणजेच चांगली मांड, असा समज होतो. तो खरा नाही. गुडघे आवळले की स्वार वर ढकलला जातो आणि त्याचा तोल घोड्याच्या प्रत्येक उसळीबरोबर हलतो. मग पडू नये म्हणून तो लगामाला लोंबकळतो, आणि त्याची शिक्षा घोड्याच्या जबड्याला मिळते. खरा आधार बैठकीच्या दोन हाडांचा आणि खाली सैल सोडलेल्या पायाचा. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच बजावून ठेवले होते की, स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये. पाय फाकून ताठ उभे राहावे तसे बसावे. त्याच्या काळी रिकीब नव्हती. आपल्याकडे सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवण्यापुरती दोरीची कडी दिसते; पूर्ण पाऊल टेकण्याची रिकीब चीनमध्ये चौथ्या शतकात आढळते आणि तेथून पुढे जगभर पसरते.

शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. घोडा हेच त्याचे भांडवल. वाकड्या मांडीने खोगीर एका बाजूस ओढले जाते, पाठ सोलवटते, आणि पाठीला जखम झालेला घोडा कित्येक दिवस कामाला येत नाही. तेवढ्या दिवसांची भाकरीही गेली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडीची घोडी मोठ्या चणीची नव्हेत, काटक खरी. 1737 च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर अकस्मात जाऊन उभे राहिले, ते अशाच हलक्या स्वारांच्या बळावर. एवढी मजल मारायची तर घोड्याच्या पाठीवर ओझे न होता बसावे लागते. ही विद्या कोणी ग्रंथात शिकवली नाही. पागेत मुलाने बापाकडे पाहून उचलली.

तिची किंमत परक्यांना कळली, तीही ती बिघडवल्यानंतर. कंपनी सरकारने आपल्या देशी रिसाल्यांना युरोपीय थाटाचे खोगीर दिले, रिकिबी लांब सोडल्या आणि पाय सरळ ताणून बसण्याची कवाईत लावली. हिंदुस्थानात नोकरी केलेला इंग्रज घोडदळाचा कॅप्टन लुई नोलन याने 1853 च्या आपल्या ग्रंथात यावर कडक टीका केली. आपल्या देशी खोगिरावर निर्धास्त लढणारा स्वार या परक्या बैठकीवर स्वतःच्या तोलाच्याच चिंतेत राहतो, असा त्याचा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी नोलन बालाक्लाव्हाच्या लढाईत पडला. पहिल्या महायुद्धानंतर ‘सिलदार’ रिसाल्यांची पद्धत बंद झाली. नाव आपल्याच शिलेदारांचे. पण घरोघरचा घोडा तिच्यासंगे गेला.

गंमत अशी की, लांब रिकिबीची ती बैठक पुढे युरोपनेच टाकून दिली. फेदेरिको काप्रिल्ली (1868–1907) हा इटालियन अधिकारी. त्याच्यापूर्वी अडथळ्यावरून उडी घेताना स्वार मागे रेलत आणि लगाम खेचत. मोकळा घोडा उडी कशी मारतो हे काप्रिल्लीने बारकाईने पाहिले. त्याने रिकिबी आखूड केल्या, धड किंचित पुढे झुकवले, हात घोड्याच्या मानेबरोबर जाऊ दिले. घोड्याला त्याचा तोल त्यालाच सांभाळू द्या, एवढेच त्याचे म्हणणे. इटालियन घोडदळाने ते स्वीकारले आणि मागोमाग इतर देशांनीही. तो स्वतः वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी घोड्यावरून पडूनच वारला.

1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीरसिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर अश्वारोहणातील सुवर्णासाठी 2023 साल उजाडावे लागले. हांगचौ येथे आपल्या चौघांच्या संघाने जिंकलेला प्रकार ‘ड्रेसाज’, म्हणजे शुद्ध मांडीचीच परीक्षा: इशारा इतका सूक्ष्म की, पाहणाऱ्यास स्वार काहीच करीत नाही असे वाटावे. त्या चौघांत सुदीप्ती हजेला होत्या, होळकरांच्या इंदूरच्या. आपल्या मुली शिकतील काय, असे विचारणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

कित्येक घरांत तलवारीला दसऱ्यास फुले वाहिली जातात आणि त्याच घरचा नवरदेव घोडीवर दोन माणसांनी धरून बसवावा लागतो. मंडळाने विद्यार्थी-साहाय्यातून दरवर्षी दोन-चार मुलामुलींना सुटीत एखाद्या चांगल्या अश्वशाळेत पाठवावे, अशी आमची सूचना आहे. तेथे उस्ताद रिंगणाच्या मध्यभागी उभा राहून लांब दोरीने घोड्याला कावा देईल. मुलाच्या हाती लगाम नसेल आणि रिकिबीही काढून घेतलेल्या असतील. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. टाच खाली, नजर घोड्याच्या दोन कानांमधून पुढे. कदम चालीत हे सारे साधते. दुडकी सुरू झाली की खांदे आक्रसतात, श्वास कोंडतो, गुडघे आवळले जातात. तेव्हा उस्ताद मुलाला मोठ्याने अंक मोजावयास लावतो, कारण मोजताना श्वास सोडावाच लागतो. पहिला आठवडा मांड्या भरून येतात आणि जिना उतरवत नाही. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी कंबर घोड्याच्या पाठीबरोबर आपोआप हलू लागते, आणि रिंगणातला घोडा मान खाली सोडून फुरफुरतो.