बरणीतल्या तुपाचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात लेकीने तुपाची बरणी माझ्यापुढे आणून ठेवली. "आई, हे नासलंय. टाकून देऊ?" खाली पांढरी कणी, वर पिवळा पातळ थर. मला हसूच आलं. माझी आई अशाच रवाळ तुपाला अस्सल म्हणत असे! पण "मग ते वेगळं का झालं?" या प्रश्नाने मला थेट दोनशे वर्षं मागे नेलं.

१८१५ मध्ये फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी चरबी गार करून टीपकागदात दाबली. तेल कागदाने शोषलं, घट्ट भाग उरला. पुढे त्यांचेच देशबंधू शेव्हरल यांनी स्टिअरिक, ओलेइक अशी मेदाम्लं वेगळी केली आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

आज आपल्याला यामागचं कारणही ठाऊक आहे. संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ. काडेपेटीतल्या काड्यांसारख्या नीट रचल्या जातात. असंपृक्त साखळी दुहेरी बंधापाशी वाकते, म्हणून रचना जमत नाही. कढत तुपात सगळे रेणू गुण्यागोविंदाने मिसळलेले असतात. सावकाश निवताना सरळ साखळ्यांचे रेणू आधी एकत्र येतात आणि कणी धरते. मात्र एका रेणूत तीन साखळ्या, त्याही बहुधा मिश्र. त्यामुळे पुरती फारकत होत नाही.

१९०२ मध्ये जर्मनीच्या नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच वनस्पती तूप आलं. या प्रक्रियेत काही वाकड्या साखळ्या दुहेरी बंध असूनही सरळ होतात. हेच ते ट्रान्स फॅट, हृदयाला घातक.

आमच्याकडे दिवाळीच्या करंज्या वनस्पती तुपातच तळल्या जात. साजूक तूप परवडत नव्हतं. बाबांना हृदयविकार झाला, तेव्हा आई स्वतःला दोष देत राहिली. आजाराचं खापर एका डब्यावर फोडता येत नाही, हे मला कळतं. अमेरिकेने २०१५ मध्ये अशा तेलांविरुद्ध निर्णय घेतला; भारतात २०२२ पासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. जे शास्त्रज्ञांना कळायला इतकी वर्षं लागली, ते आईला कसं कळावं? तिला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

लेकीला मी सगळं सांगितलं. तिने बरणी कोमट पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने तूप पुन्हा एकजीव झालं.