चिठ्ठी कोणत्या घरात वाचायची?

‘मामाला जेवायला बोलवा’ एवढेच एका कागदावर लिहून तो शेजारच्या घरी धाडला, तर काय होईल? शेजारी त्यांच्या मामाला बोलावतील. चिठ्ठीत चूक काहीच नाही. शुद्धलेखन ठीक, व्याकरणही ठीक. पण ‘मामा’ या शब्दाचा अर्थ घरागणिक बदलतो, आणि तो कोणत्या घराचा धरायचा हे चिठ्ठीत कुठेच लिहिलेले नाही. लिहिणाऱ्याच्या घरचा की वाचणाऱ्याच्या?

संगणकाच्या एका जुन्या भाषेला हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला आहे. त्या भाषेचे नाव लिस्प. फोरट्रान सोडली तर आजही वापरात असलेल्या भाषांमध्ये तिच्याइतकी वयस्क भाषा सापडणे कठीण. आमच्या मते तिची ही कहाणी गणित शिकवणाऱ्यांनी जरूर वाचावी, कारण ‘क्ष म्हणजे काय?’ हा वर्गातला नेहमीचाच प्रश्न येथे वेगळ्या वेषात भेटतो.

१९५८ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी या भाषेच्या कामाला हात घातला. साधने बेताची होती. एक खोली, दोन प्रोग्रॅमर, एक सचिव, कार्डांना भोके पाडणारे एक यंत्र आणि गणिताचे सहा संशोधक विद्यार्थी. संगणक होता आयबीएमचा ७०४. मॅकार्थींना आकड्यांपेक्षा चिन्हांवर काम करणारी भाषा हवी होती. बीजगणितातली राशी यंत्राने उलगडावी, तिचे विकलन करावे, अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणून त्यांनी ‘यादी’ हा या भाषेचा पाया धरला. कंसात काही गोष्टी ओळीने लिहिल्या की झाली यादी.

येथेच एक विलक्षण गोष्ट घडली. (बेरीज २ ३) ही तीन घटकांची यादी आहे. पण लिस्पमध्ये ‘२ आणि ३ यांची बेरीज करा’ ही आज्ञासुद्धा याच रूपात लिहितात. म्हणजे आज्ञा आणि माहिती यांचा पोशाख एकच. प्रोग्रॅम हा स्वतःच एक यादी असल्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमला तो वाचता येतो, तोडता येतो, जोडता येतो आणि नव्याने तयारही करता येतो. कर्ट गोडेल यांनी १९३१ साली गणितातील विधानांना संख्यांचे रूप दिले होते. १९३६ साली ॲलन ट्यूरिंग यांनी दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन वाचून त्याच्यासारखे वागणारे सार्वत्रिक यंत्र कागदावर मांडले होते. लिस्पची कल्पना याच कुळातली. फरक एवढाच, की गोडेलच्या संख्या वाचताना माणसाची दमछाक होते, तर लिस्पच्या याद्या कंस मोजण्याची चिकाटी असेल तर कोणालाही वाचता येतात.

आपली भाषा ट्यूरिंगच्या यंत्रापेक्षा सुटसुटीत आहे, हे मॅकार्थींना दाखवून द्यायचे होते. त्यासाठी त्यांनी ‘इव्हॅल’ नावाचे एक फलन लिहिले. लिस्पमधली कोणतीही राशी दिली की तिची किंमत काढून देणारे फलन, आणि तेही लिस्पमध्येच लिहिलेले. एप्रिल १९६० मध्ये छापून आलेल्या निबंधात ते आहे. मॅकार्थींच्या लेखी ते केवळ वाचण्यासाठी होते, यंत्रावर चालवण्यासाठी नव्हे. त्यांच्या चमूतील स्टीव्ह रसेल यांना मात्र वाटले, की हे फलन यंत्रभाषेत उतरवले तर लिस्प चालवणारा प्रोग्रॅम आयताच हाती येईल. सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत होते आहे, असे मॅकार्थींनी त्यांना सांगून पाहिले. रसेल यांनी ते हाताने यंत्रभाषेत उतरवलेच, आणि ते चालले! फोरट्रानचा भाषांतरक करायला सुमारे तीस मनुष्यवर्षे लागली होती, आणि तेवढे बळ मॅकार्थींकडे नव्हते. त्यामुळे ही लॉटरीच म्हणायची. (हेच रसेल पुढे १९६२ साली ‘स्पेसवॉर’ या संगणकावरील खेळाच्या कर्त्यांमध्ये अग्रणी होते.)

आता मामाकडे वळू. मॅकार्थींच्या इव्हॅलला दोन गोष्टी द्याव्या लागत. एक म्हणजे राशी, आणि दुसरी म्हणजे नावे व त्यांच्या किमती यांच्या जोड्यांची यादी. समजा राशीत ‘वाढ’ हे नाव आले, तर इव्हॅल या जोड्यांमध्ये पहिल्यापासून शोध घेई आणि प्रथम सापडलेली किंमत उचली. नवी जोडी नेहमी यादीच्या अग्रभागी बसे, म्हणजे ताजा अर्थ जुन्याला झाकून टाकी. चिठ्ठी आणि घर, दोन्ही बरोबर दिल्यासारखेच हे झाले. मग अडले कुठे?

आपण आमचे एक उदाहरण घेऊ. एका शिक्षकाने कृपागुणांचे फलन लिहिले: गुण दिले की त्यात ‘वाढ’ मिळवायची. त्याच्याकडे ‘वाढ’ म्हणजे ५. तेव्हा ३० दिले की ३५ यायला हवेत. हे फलन त्याने दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या एका मोठ्या फलनाच्या हवाली केले. सगळ्या विद्यार्थ्यांच्या यादीवरून फिरत प्रत्येकाला ते लावणे, एवढेच त्या मोठ्या फलनाचे काम. पण त्याच्या कर्त्यानेही स्वतःच्या सोयीसाठी, एकेक पाऊल पुढे सरकण्यासाठी, ‘वाढ’ हेच नाव वापरले होते आणि त्याची किंमत ठेवली होती १. आता कृपागुणांचे फलन प्रत्यक्ष चालते ते या मोठ्या फलनाच्या पोटात. जोड्यांच्या यादीत आधी सापडते ती ताजी जोडी, म्हणजे १. उत्तर येते ३१.

यंत्र तक्रार करत नाही, थांबत नाही, घंटाही वाजवत नाही. पस्तीसची रेघ असेल तर मुलगा नापास होतो, आणि दोन्ही फलने वेगवेगळी तपासली तर दोन्ही निर्दोष ठरतात. चूक कोणत्याच ओळीत नसते. चिठ्ठी पाहुण्याच्या घरी वाचली गेली, एवढेच काय ते घडलेले असते.

हा घोटाळा प्रथम पकडला जेम्स स्लेगल यांनी. विद्यापीठातील कलनशास्त्राची संकलने सोडवणारा त्यांचा ‘सेंट’ हा प्रोग्रॅम १९६१ सालचा. एका फलनाने दुसऱ्या फलनाला तिसरे फलन पुरवावे, अशी एक रचना त्यांनी केली होती, आणि तिचे उत्तर अपेक्षेप्रमाणे येईना. मॅकार्थींना ही किरकोळ चूक वाटली. रसेल ती दुरुस्त करतील, असे त्यांनी सांगून टाकले. रसेल यांनी दुरुस्तीही केली, पण तिच्यासाठी एक नवीच युक्ती काढावी लागली. फलन एकटे पाठवायचे नाही. ते तयार झाले त्या वेळची नावांची यादी त्याच्याबरोबर बांधून पाठवायची. या गाठोड्याला नाव पडले ‘फनार्ग’. आमच्या भाषेत सांगायचे तर चिठ्ठीसोबत घराची वंशावळही पाकिटात घालायची. शेजाऱ्याने ‘मामा’ हा शब्द वाचला की आपल्या घरात न बघता पाकिटात बघायचे. १९६२ च्या ‘लिस्प १.५’च्या पुस्तिकेत ही सोय नोंदलेली आहे, आणि संपूर्ण इव्हॅलही त्याच पुस्तिकेत जेमतेम एका पानात मावलेले आहे.

गंमत अशी, की या दुखण्यावरचे औषध आधीपासून फडताळात होते. फलन लिहिण्याची लॅम्डा ही खूण मॅकार्थींनी ॲलोन्झो चर्च यांच्या १९४१ च्या पुस्तकातून घेतली होती. चर्च यांच्या गणितात नावाचा अर्थ लिहिलेल्या जागेवरून ठरतो, चालवण्याच्या वेळेवरून नाही. पण त्या पुस्तकाचा उरलेला भाग आपल्याला समजला नव्हता, असे मॅकार्थींनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ब्रिटनमध्ये पीटर लँडिन यांनी १९६४ साली चर्च यांचेच गणित धरून त्या गाठोड्याला ‘क्लोजर’ हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. १९७० साली जोएल मोझेस यांनी एका टिपणात या प्रश्नाचे नावच बदलावे असे सुचवले. त्यांच्या मते हा फलनांचा प्रश्न नसून परिसराचा होता. नावांचा परिसर, म्हणजे आपले घर. पुढे १९७५ साली जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ ही लिस्पची धाकटी बहीण घडवली. तिच्यात लिहिणाऱ्याचे घर हाच नियम झाला.

प्रश्न मिटला असे वाटेल. पण इव्हॅलपुढे आता उलटीच अडचण उभी राहिली. कोणते नाव कुठले हे लिहितानाच पक्के झाले, की भाषांतरक फलनाच्या आतली नावे पुसून टाकू शकतो. ‘वाढ’च्या ऐवजी ‘तिसऱ्या खणातली किंमत’ असे म्हटले की यंत्राचे भागते. मग प्रोग्रॅम चालू असताना एखादी यादी तयार करून ती इव्हॅलला दिली आणि तिच्यात ‘वाढ’ असेल, तर इव्हॅलने शोधायचे कुठे? पाट्या तर उतरवलेल्या! म्हणून १९९४ साली प्रमाणित झालेल्या ‘कॉमन लिस्प’मध्ये इव्हॅलला भोवतालच्या फलनाची आतली नावे दिसत नाहीत, सामाईक नावे तेवढी दिसतात. स्कीमच्या प्रमाण अहवालांत इव्हॅलला बराच काळ जागाच नव्हती. १९९८ च्या पाचव्या सुधारित अहवालात ते आले, आणि येताना दोन गोष्टी मागत आले: राशी आणि परिसर. मॅकार्थींच्या निबंधातला दुसरा घटक अडतीस वर्षांनी घरी परतला. २००७ च्या सहाव्या अहवालात त्यापुढची पायरी आली. कोणकोणत्या ग्रंथालयांतली नावे घ्यायची ते सांगून परिसर तयार करता येऊ लागला.

दरम्यान प्रोग्रॅम मोठे झाले, शंभर हातांनी लिहिले जाऊ लागले, आणि नावांची वाटणी वेगवेगळ्या घरांत करणे भाग पडले. या घरांना ‘नेमस्पेस’ म्हणतात. कॉमन लिस्पमध्ये ‘पॅकेज’. ‘कुलकर्ण्यांचा मामा’ असे पूर्ण नाव लिहिले की वाद राहत नाही. नुसते ‘मामा’ लिहिले तर? येथे दोन घराण्यांनी दोन वाटा धरल्या. कॉमन लिस्पमध्ये मजकूर वाचला जातो त्याच क्षणी नावावर चालू पॅकेजचा शिक्का बसतो. नंतर तुम्ही घर बदलले तरी शिक्का पुसला जात नाही. रिच हिकी यांनी २००७ साली आणलेल्या ‘क्लोजर’ या भाषेत (तिचे नावही त्या गाठोड्यावरूनच, स्पेलिंगमधले एक अक्षर तेवढे वेगळे) साधे नाव वाचल्यावर कोरेच राहते. किंमत काढताना जे घर चालू असेल, त्यात ते शोधले जाते.

यातून होणारी फसगत ठरलेली आहे. ‘निकाल’ नावाच्या घरात एक फलन लिहिले. ते (वाढव ३०) ही यादी तयार करते आणि इव्हॅलच्या हाती देते. कळफलकासमोर बसून, ‘निकाल’च्याच घरात राहून आपण ते चालवून पाहतो. ३५ येतात. मग तोच प्रोग्रॅम स्वतंत्रपणे सुरू करतो, आणि ‘वाढव’ हे नाव सापडत नाही असा निरोप मिळतो. फलन ‘निकाल’मध्ये लिहिलेले असले तरी चालू घर आता वेगळे आहे. निरोप मिळाला तर नशीबच. त्या दुसऱ्या घरातही ‘वाढव’ नावाचे कोणी असेल, तर पुन्हा स्लेगल यांची पाळी.

यावर क्लोजरमध्ये दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे यादी करताना साध्या अवतरणचिन्हाऐवजी उलटे अवतरणचिन्ह वापरणे. मग प्रत्येक नाव वाचतानाच आपल्या घराच्या पूर्ण नावासह नोंदले जाते. दुसरा उपाय असा, की चालू घर कोणते हे सांगणारे जे चल आहे, त्याची किंमत इव्हॅल चालेपर्यंत तात्पुरती बदलायची आणि काम झाले की जुनी किंमत आपोआप परत यायची. वाचकांच्या लक्षात आले असेल, की ताज्या अर्थाने जुन्याला काही काळ झाकायचे ही तर मॅकार्थींच्या जोड्यांच्या यादीचीच रीत. अशा चलांच्या नावाला दोन्ही बाजूंनी चांदणी लावण्याचा प्रघात आहे, म्हणजे वाचणारा सावध राहतो.

शाळेत संगणक असेल तर यातले बरेचसे तासाभरात करून पाहता येते. ‘इमॅक्स’ हे मोफत मिळणारे लेखनसाधन पुरेसे आहे. त्याच्या पोटात एक लिस्प आहे, आणि २०१२ साली आलेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून नावाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या घरातून घ्यायचा की चालवणाऱ्याच्या, हे प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत सांगता येते. ती एक ओळ बदलून कृपागुणांचे उदाहरण दोनदा चालवावे. एकदा ३५ येतात, एकदा ३१.