घोडा कुणाच्या हाताखालचा?

घोड्यांच्या शर्यतीचा अंदाज प्रशिक्षकाच्या आकडेवारीवरून बांधण्याची रीत मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला इतकी रुळली आहे की ती अलीकडची, संगणकाने आणलेली चाल वाटावी. कोणाचे किती घोडे धावले, किती पहिले आले, शेकडा प्रमाण काय पडले, हे सारे हाताशी असते. मात्र त्या आकड्यांमागचा प्रश्न जुना आहे आणि तो रेसकोर्सच्या कितीतरी आधी बंदरावर विचारला गेला. रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाच्या डोंगराळ मुलखात रेसकोर्स नाही. पण त्याच्या उत्तरेला, रायगडच्याच किनाऱ्यावरच्या चौल बंदरात मध्ययुगात समुद्रापलीकडून घोडे उतरत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौललाच उतरला. तिथून पाली (बहुधा आजच्या सुधागड तालुक्यातले) आणि उमरी अशा वाटेने तो जुन्नरला पोहोचला. तिथल्या खानाने घोडा अडकवून ठेवला. एका खोरासानी खोजाच्या मध्यस्थीने तो सुटला आणि पुढे बीदरकडे विकला गेला. निकितिनच्या टिपणांत घोड्याच्या खुराकाचा उल्लेख आवर्जून येतो. इथे घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, असे त्याने नोंदवले. ही उस्तवार खर्चाची होती. आणलेला घोडा विकेपर्यंत जगवणे हाच व्यापारातला मोठा भाग होता.

मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस हीच बाजू अधिक कठोरपणे मांडली आहे. दक्षिणेतल्या पूर्व किनाऱ्यावरचे राजे दरवर्षी हजारोंनी घोडे विकत घेतात आणि वर्षअखेरीस त्यांतले मोजकेच उरतात, असे तो लिहितो. कारण तो देतो ते असे, की घोडा कसा सांभाळावा हे तिथे कोणाला ठाऊक नाही, नालबंद नाहीत, आणि घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊ देत नाहीत, म्हणजे मागणी कायम राहते. पोलोच्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. त्यांतून निघणारी गोष्ट मात्र घोडे पाळणाऱ्या कोणालाही मान्य व्हावी: तोच घोडा एका हाताखाली मरतो आणि दुसऱ्या हाताखाली धावतो. ज्याला ही गोष्ट राज्यकारभाराच्या पातळीवर कळली होती, त्याची व्यवस्था सभासद बखरीत वाचायला मिळते. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी नि एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी नेमून दिलेली माणसे. पोलोला जे दिसले नव्हते नेमके तेच इथे पगारावर होते.

याच काळात घोड्याची पारख करण्याचे दुसरे शास्त्रही चालू होते. शालिहोत्राच्या परंपरेतले ग्रंथ घोड्याच्या अंगावरचे भोवरे, खुणा, रंग, खुरांची ठेवण यांवरून त्याचे गुण आणि मालकाचे भाग्य सांगत. त्यातले काही निरीक्षण उपयोगी होते. छाती, पाय आणि दात पाहणे आजही कोणी सोडलेले नाही. पण बहुतांश भाग असा की भोवरा कपाळावर कुठे आहे यावर घोडा शुभ ठरे. म्हणजे घोड्याचे गुण घोड्याच्या कातडीवर शोधायचे की तो ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसात, हा वाद रेसकोर्स येण्यापूर्वीच उभा होता. माझे म्हणणे असे की प्रशिक्षकाची आकडेवारी हे या वादातल्या दुसऱ्या बाजूचे आधुनिक रूप आहे. ती बाजू मुळात बरोबर आहे, पण ज्या एका आकड्यावर लोक भिस्त ठेवतात, म्हणजे जिंकण्याच्या एकूण शेकडा प्रमाणावर, तो आकडा माणसाचा हात मोजत नाही. तो मुख्यतः त्या माणसाच्या वाट्याला आलेले घोडे मोजतो.

पुण्याचा रेसकोर्स १८३० मध्ये लष्कराच्या जमिनीवर झाला. मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत आणि १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला गेल्या. सुरुवातीच्या काळात अरबी घोड्यांचे मोठे प्रस्थ होते. ते आखाती बंदरांतून जहाजाने येत आणि अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून विकले जात. विलायती थरोब्रेड घोड्याची वंशावळ छापील वहीत असे, बाप-आजोबा कुठे जिंकले ते पाहता येई. बसऱ्याहून आलेल्या अरबी घोड्याचे वय दातांवरून ठरवायचे आणि कूळ विक्रेत्याच्या तोंडून ऐकायचे. अशा बाजारात घोडा कोणत्या तबेल्यातून आला आणि आता कोणाकडे आहे हीच सर्वांत भरवशाची माहिती उरते. पुढे मुंबईचा टर्फ क्लब १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला, १९३५ मध्ये त्याच्या नावापुढे ‘रॉयल’ लागले, आणि १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. संस्थानिकांचे तबेले, त्यांचे विलायती प्रशिक्षक आणि जॉकी यांचा तो काळ. मालकाचा पैसा, घोड्याचे कूळ आणि प्रशिक्षकाचे कसब एकाच छताखाली असल्यामुळे यशाचा कोणता वाटा कोणाचा हे त्या निकालांवरून वेगळे काढता येत नाही. आजही येत नाही, हे आकडे वाचणारे विसरतात.

यात आणखी एक माणूस आहे, ज्याचे काम घोड्यांमधला फरक पुसून टाकणे हेच असते: हँडिकॅपर. इंग्लंडमध्ये अॅडमिरल रौस १८५५ पासून जॉकी क्लबसाठी हे काम करत असे, आणि वयानुसार किती वजन द्यावे याचे त्याचे कोष्टक पुढे जगभरच्या शर्यतींचा पाया झाले. घोडा जिंकला की त्याचे गुण वाढतात, गुण वाढले की खोगिरात शिशाचे वजन वाढते. हरत गेला की वजन उतरते आणि तो खालच्या वर्गात जातो. हँडिकॅप शर्यतीत सगळे घोडे एका रेषेत संपावेत असा या व्यवस्थेचा हेतू असतो. म्हणून हँडिकॅपरने काम अचूक केले तर सगळ्या प्रशिक्षकांचे प्रमाण जवळपास सारखे यायला हवे. ते येत नाही, याचा अर्थ काहीतरी त्याच्या तराजूतून निसटते. निसटते ते प्रशिक्षकाचे वेळापत्रक: घोडा केव्हा पूर्ण तयारीत आणायचा, कोणत्या अंतरावर, कोणत्या वर्गात, विश्रांतीनंतर पहिल्याच धावेत की दुसऱ्या-तिसऱ्या धावेत. एखादा प्रशिक्षक सुटीनंतरची पहिली धाव व्यायामासारखी घेतो, दुसरा पहिल्याच दिवशी घोडा पूर्ण ताकदीने उतरवतो. दोघांचे वर्षाचे प्रमाण सारखेच असू शकते, पण शनिवारी बाहेरून विश्रांती घेऊन आलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्याला या दोघांतला फरक कळणे सर्वांत महत्त्वाचे. आकडेवारीची खरी किंमत इथे आहे, सवय ओळखण्यात.

एकूण प्रमाणाचे मात्र वेगळे होते. ज्याच्याकडे मोठ्या मालकांचे, चांगल्या स्टडचे घोडे जातात त्याचे प्रमाण चढे राहते, आणि चढ्या प्रमाणामुळे पुढचे चांगले घोडेही त्याच्याकडेच जातात. रशीद बायरामजी यांनी इंडियन डर्बी दहापेक्षा अधिक वेळा जिंकली. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून अव्वल राहिले आणि मग प्रशिक्षक म्हणूनही. या दोघांच्या कसबाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याच्या हाताखाली लिलावातली महागडी शिंगरे कधीच आली नाहीत, पायाला सूज असलेला पाचव्या वर्गातला घोडा ज्याने तीन मोसम धावता ठेवला, त्याचा हात प्रमाणात दिसत नाही. त्याचा आकडा खाली, आणि खालच्या आकड्यामुळे घोडेही तसेच. आकडा इथे कारण आणि परिणाम दोन्ही होऊन बसतो.

त्यातच आकडे लहान असतात. समजा एखाद्या मोसमात एका प्रशिक्षकाचे वीस घोडे धावले आणि त्याची खरी ताकद दहात एक जिंकण्याची आहे. केवळ योगायोगाने त्याचे चार किंवा अधिक घोडे जिंकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते, आणि एकही न जिंकण्याची सुमारे १२ टक्के. अगदी एकसारख्या ताकदीचे तीस प्रशिक्षक घेतले तरी मोसमअखेर त्यांतले चौघेजण २० टक्क्यांचे किंवा त्याहून वरचे ‘फॉर्मात’ दिसतील आणि तीन-चार जण पुरते निकामी ठरतील. रेसबुकावर पेन्सिलीने खुणा करणाऱ्यांपैकी फार थोडे हा हिशोब करतात. आणि सवय शोधायला जावे, म्हणजे ‘विश्रांतीनंतर, खालच्या वर्गात, बाराशे मीटरवर’ अशी चाळण लावावी, तर विसाचे पाच होतात. उपयोगी आकडा नेमका सर्वांत कमी भरवशाचा असतो, ही या शास्त्राची खरी अडचण आहे. तीवर उपाय एकच, अनेक मोसमांची नोंद.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: हा शेवटी जुगारच, त्यात कसले शास्त्र? याचे उत्तर मुंबईच्याच दुसऱ्या खेळाकडे पाहून देता येते. मटक्याच्या आकड्यांचे जुने तक्ते लोक वर्षानुवर्षे जपत आणि त्यांवरून उद्याचा आकडा काढत. पण सरळपणे ओढलेल्या पत्त्यांना कालचे काही आठवत नसते, म्हणून तो तक्ता कितीही मोठा झाला तरी त्यात माहिती शून्य. घोड्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला काल असतो. हाच फरक कायद्यानेही मानला. मुंबई इलाख्यात १९१२ पासून रेसकोर्सला परवाना लागू लागला, आणि १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवताना घोड्याने प्रशिक्षणातून मिळवलेला वेग आणि दम यावर भर दिला. म्हणजे कायद्याच्या नजरेत ही शर्यत मटक्यापासून वेगळी निघते ती, इतर गोष्टींबरोबर, प्रशिक्षकामुळे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार: आकडे सगळ्यांनाच माहीत, मग त्यांचा फायदा कोणाला? टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, माणूस क्लबविरुद्ध खेळत नाही, इतर पैसे लावणाऱ्यांविरुद्ध खेळतो. नामांकित प्रशिक्षकाचा घोडा सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे त्याचा भाव आधीच उतरलेला असतो. हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. १९८६ मध्ये बोल्टन आणि चॅपमन यांनी शर्यतीच्या निकालाचे संख्याशास्त्रीय प्रारूप मांडले. त्याच धर्तीवर हाँगकाँगमध्ये प्रचंड पैसा मिळवणाऱ्या बिल बेंटरने १९९४ च्या आपल्या लेखात कबूल केले की त्याचे प्रारूप एकटे अपुरे होते. लोकांनी ठरवलेला भाव त्यात मिसळल्यावरच ते चालले. लोकांच्या भावात आकड्यांपलीकडचे ज्ञान असते. शिवाय बेंटरकडे हजारो शर्यतींची एकसारखी नोंद होती. आपल्याकडे प्रत्येक शंभर रुपयांतून आधी क्लबचा वाटा जातो, २०१७ पासून त्यावर जीएसटी आला, आणि एवढी वजावट भरून काढण्याइतका फायदा एकट्या प्रशिक्षकाच्या आकड्यातून निघत नाही. ज्याला श्रीमंत व्हायचे आहे त्याने हा लेख इथेच ठेवावा.

तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: घोडा ‘खेचला’, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला, असेल तर? हँडिकॅपची व्यवस्थाच ही शंका जन्माला घालते, कारण हरलेल्या घोड्याचे वजन उतरते. शर्यतीवर देखरेख करणारे स्टुअर्ड चौकशी करतात, शिक्षाही होतात. पण या शंकेने आकडेवारी निकालात निघत नाही, उलट सवय मोजणाऱ्या नोंदीला वजन येते. एखाद्याच्या तबेल्यातले घोडे वारंवार दोनदा मागे पडून तिसऱ्यांदा जिंकत असतील, तर तो योगायोग आहे की शिस्त की आणखी काही, हे विचारायला हातात काहीतरी कागद लागतो.

रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाडा शर्यतीत असा कागद नसतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तिथेही गाडी मालकाच्या नावाने ओळखली जाते, आणि अंदाज बांधणारा बैल कुणाचा, हाकणार कोण, हेच आधी पाहतो. सारे स्मरणावर. स्मरण जिंकलेले लक्षात ठेवते आणि हरलेले विसरते, म्हणून ते नेहमीच जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकलेले असते. महालक्ष्मीचा कागद, त्यातल्या सगळ्या त्रुटींसह, हरलेल्यांचीही नावे ठेवतो.

तो कागद टिकणे आता निकडीचे आहे. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे अशी वाटणी ठरली. मैदानाच्या भवितव्यावर पुष्कळ लिहिले गेले, दप्तराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. शर्यतींची जुनी कॅलेंडरे आणि रेसबुके म्हणजे कोणता घोडा कुणाच्या हाताखाली, किती वजनाने, कितव्या क्रमांकावर आला याची सलग नोंद. पुण्याच्या कॅम्पात, गिरगावात, भायखळ्यात ज्यांच्या घरी वडील-आजोबांची पेन्सिलीच्या खुणांची ‘कोल’ची (शर्यतींच्या माहितीची) पुस्तके पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, एखाद्या ग्रंथालयाला द्यावीत.