हरवलेली हाक

माझ्या लहानपणी दुपारभर घरात शिलाई मशिनची घरघर चाले. पोस्टमन दारात एकदाच हाक देई. अम्मीला ती ऐकू गेली नाही, की मनिऑर्डर माघारी. पैसे आले होते, माणूसही आला होता. हरवली ती फक्त हाक.

मंडळी, संगणकाच्या इतिहासातही अशी एक हाक आहे. १९५७ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये एक्स-१ या यंत्राची आखणी चालली होती. लोप्स्ट्रा आणि शोल्टन यांचा बेत असा, की टंकयंत्रासारख्या संथ उपकरणासाठी संगणकाने ताटकळू नये. काम झाले की उपकरणानेच हाक मारावी, संगणकाने हातातले बाजूला ठेवून ती ऐकावी. हाच इंटरप्ट. प्रोग्रॅम लिहायचा होता एडस्गर डायक्स्ट्रा यांना, आणि ते चक्क घाबरले. हाक कोणत्या क्षणी येईल, नेम नाही. मग चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवायची कशी? बरीच मनधरणी झाल्यावर ते तयार झाले. १९५९ साली त्याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

भीती मात्र खोटी नव्हती. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नाजूक काम करताना घटकाभर कान बंद करून घेतो. तेवढ्यात आलेल्या हाकेची नोंद राहते, पण बहुधा एकीचीच. दोन आल्या तर त्यांची एक होते. काही उपकरणे उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहतात. काही आमच्या पोस्टमनसारखी.

साठच्या दशकात डायक्स्ट्रांनी सेमाफोर काढला. नाव रेल्वेच्या सिग्नलचे, काम मोजदादीचे: ऐकणारा हजर नसताना दिलेला इशाराही आकड्यात जमा राहतो. १९६८ साली त्यांनी आइंडहोव्हनच्या आपल्या सिस्टिमवर लेख लिहिला, त्यात तो आहे.

तरी हाका हरवतच राहिल्या. लिनक्स वापरणाऱ्यांना पडद्यावर ‘लॉस्ट इंटरप्ट’ ही अक्षरे दिसत. डिस्कला काम दिलेले, पण वेळ उलटली तरी ते झाल्याची वर्दी नाही. मग जाणकार इंटरप्टच्या मोजणीचा तक्ता उघडतो. आकडा हललाच नाही, तर हाक वाटेतच अडली, जोडणी तपासायची. आकडा वाढतोय, तर हाक पोचली, ऐकणाऱ्याने घोळ घातला. तिथला प्रोग्रॅम वाचायचा. अवघड एवढेच, की माग काढायला त्यात छपाईची एक ओळ घातली, तरी क्षणांचा हिशेब बदलतो आणि चूक दडी मारते. ओळ काढली, की पुन्हा हजर.